दाब भरला, पेशी उपाशी

1917 च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधल्या बेथून गावात ब्रिटिश फौजेचं 33 क्रमांकाचं कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन होतं. खंदकातून उचललेला जखमी शिपाई पट्टी बांधून, ॲम्ब्युलन्समध्ये धक्के खात इथवर यायचा. पोट उघडणं, पाय कापणं अशी मोठी शस्त्रक्रिया पहिल्यांदा इथेच व्हायची. त्या उन्हाळ्यात वॉल्टर कॅनन हे हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक तिथे कामाला आले. वय पंचेचाळीस. भीती वाटली किंवा राग आला की ॲड्रिनल ग्रंथी काय करतात, शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं, यावरचं त्यांचं पुस्तक दोनच वर्षांपूर्वी निघालं होतं. शस्त्रक्रिया करणं हे त्यांचं काम नव्हतं. त्यांना एका कोड्याचं उत्तर हवं होतं.

कोडं असं होतं. मांडीच्या हाडाचा चुरा झालेला जवान आणला जाई. बाहेर वाहणारं रक्त थांबलेलं असे. तो शुद्धीवर असे, पाणी मागे, विचारलेल्याची उत्तरं देई. मग ओठ पांढरे पडत, कपाळावर गार घाम येई, नाडी हाताला लागेनाशी होई आणि कधी शस्त्रक्रियेआधी, कधी टेबलावरच तो दगावे. याला शॉक म्हणत. पण शॉक कशाने होतो, यावर चार जणांची चार मतं होती. मेंदूतली केंद्रं थकतात, असं जॉर्ज क्राइल मानत. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, असं यांडेल हेंडरसन यांचं म्हणणं. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळते, असं विल्यम पोर्टर सांगत. प्रत्येकाकडे प्रयोगशाळेतला पुरावा होता, पण खंदकातल्या माणसाचा पुरावा जवळजवळ नव्हता.

तो मिळवण्याचं पहिलं श्रेय अर्नेस्ट कॉवेल या ब्रिटिश सर्जनचं. कॉवेल रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन थेट पुढच्या खंदकांत गेले. धडधाकट शिपायांचा दाब मोजला, आणि जखम झाल्यावर शक्य तितक्या लवकर जखमींचाही मोजला. गंभीर जखम झालेल्या कित्येकांचा दाब सुरुवातीला पडलेला नव्हताच. तो पडायचा नंतर: थंडीत पडून राहिल्यावर, वाट पाहण्यात तास गेल्यावर, मोडलेला पाय नीट न बांधता खड्ड्यांतून गाडी हाकल्यावर. या निरीक्षणाचं महत्त्व पुढे बराच काळ कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. मोठी जखम आणि चांगला दाब एकाच माणसात, एकाच वेळी नांदू शकतात, हे कॉवेलनी शंभर वर्षांपूर्वी चिखलात उभं राहून मोजलं होतं.

बेथूनला कॅनन यांनी जॉन फ्रेझर या स्कॉटिश सर्जनसोबत काम सुरू केलं. दाबाबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मोजायला घेतली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी रक्तातला अल्कलीचा साठा मोजण्याची नवी पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. काचेचं एक उपकरण, त्यात पारा. शिरेतून काढलेल्या रक्तातला प्लाझ्मा वेगळा करायचा, उपकरणात त्यावर आम्ल टाकायचं, पारा खाली उतरवून पोकळी तयार करायची आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड किती भरतो ते पाहायचं. वायू कमी निघाला, तर रक्तातली अल्कली आधीच कुठल्यातरी आम्लाने खर्च करून टाकली आहे, असा अर्थ. तोफांच्या आवाजात, जखमींच्या रांगा लागलेल्या असताना, पाऱ्याचं ते नाजूक काम करणारी माणसं डोळ्यांसमोर आणावीत, म्हणजे त्यांच्या आकड्यांची किंमत कळते.

आकडे स्पष्ट होते. शॉक जितका खोल, तितका अल्कलीचा साठा आटलेला. वरचा दाब 80 च्या खाली उतरला की घसरण वेगाने होई. म्हणजे रक्ताभिसरण मंदावलं की पेशींना प्राणवायू पुरत नाही, प्राणवायूवाचून त्या कशाबशा ऊर्जा काढतात आणि त्या धडपडीत आम्ल साठतं. कॅनन यांनी आधी आम्लालाच गुन्हेगार ठरवून सोड्याचं द्रावण शिरेतून दिलं. आम्ल हा परिणाम आहे, मूळ दुखणं नव्हे, हे पुढे स्पष्ट झालं आणि सोड्याचा उपाय मागे पडला. पण सोड्याबरोबर ते मोजमापही मागे पडलं, आणि ही या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे असं मला वाटतं. आम्ल औषधाने मारायचं नसेल, तरी पेशींचं पोट भरतंय की नाही हे सांगणारा साक्षीदार म्हणून ते उपयोगाचं होतंच.

बेथूनच्या कामातून दुसऱ्या काही गोष्टी मात्र लगेच रुळल्या. स्ट्रेचर घोडीवर ठेवायचं, कांबळी चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडायची आणि खाली प्रायमस स्टोव्ह पेटवून नळीतून गरम हवा आत सोडायची. मोडलेला पाय उचलण्याआधी खपच्यांनी नीट बांधायचा. 1918 मध्ये कॅनन, फ्रेझर आणि कॉवेल यांनी मिळून लिहिलेल्या लेखात एक इशाराही होता: रक्तस्राव थांबवायला सर्जन तयार नसेल तर द्रव चढवून दाब वर नेऊ नका, कारण वाढलेल्या दाबाने बसलेली गुठळी सुटते आणि लाखमोलाचं रक्त वाहून जातं. हा इशाराही विसरला गेला. 1994 मध्ये ह्यूस्टनमध्ये गोळी किंवा सुरी लागलेल्या 598 जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन दिलं नव्हतं त्यांच्यातले 70 टक्के वाचले, लगेच सलाईन दिलेल्यांतले 62 टक्के. तेव्हा कुठे कॅनन यांची ती ओळ पुन्हा सगळीकडे उद्धृत होऊ लागली.

पहिल्या महायुद्धातलं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. नॉर्मन कीथ या कॅनेडियन डॉक्टरांनी जखमींच्या शिरेत लाल रंगाचं रसायन टोचून, ते किती पातळ झालं यावरून अंगात एकूण रक्त किती उरलं आहे ते काढलं. त्यावरून त्यांनी जखमींचे तीन गट पाडले: शरीराने तूट सावरून धरलेले, अर्धवट सावरलेले आणि सावरणं हाताबाहेर गेलेले. पहिल्या गटातल्या माणसाचं रक्त खरोखरच कमी झालेलं होतं, पण वरून तसं दिसत नव्हतं. आज ज्याला आपण छुपा शॉक म्हणतो, त्याच्या उंबरठ्यावर कीथ पोचले होते.

सावरतं ते कसं? कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. धरणात पाणी कमी आलं की शेपटाकडच्या चाऱ्यांची दारं टाकतात. मुख्य कालव्यात पातळी पूर्वीइतकीच दिसते, पट्टी लावून मोजणाऱ्याला काही कमी वाटत नाही. टेलच्या शेतकऱ्याचं पीक मात्र वाळत असतं. रक्त गेलं की ॲड्रिनल आणि नसा मिळून त्वचेच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या बारीक धमन्या आवळतात. हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा चालू राहतो, दंडाला बांधलेला पट्टा ठीक आकडा दाखवतो. तरुण, काटक माणसाचं जवळजवळ 30 टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब टिकून राहू शकतो. प्रौढ पुरुषात हे सुमारे दीड लिटर होतं. तोवर नाडी वाढलेली असते, वरच्या आणि खालच्या दाबातलं अंतर घटलेलं असतं, हातपाय गार असतात, लघवी कमी झालेली असते. पाहणाऱ्याने पाहिलं तर खुणा असतात. पण शॉक आहे की नाही हे ठरवायला सगळे आकडाच विचारतात.

दोन युद्धांच्या मधली वर्षं एका चुकीच्या वाटेवर गेली. चिरडलेल्या स्नायूंतून एखादं विष रक्तात उतरतं आणि शॉक येतो, असं कॅनन आणि लंडनचे विल्यम बेलिस यांना वाटू लागलं होतं. 1930 मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लालॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की चिरडलेल्या पायात जे रक्त आणि द्रव साचतं, तेच शॉक यायला पुरेसं आहे; वेगळं विष शोधायची गरज नाही. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण कामाला लागला. सुतारकाम करणारा, कॉलेजसाठी साठवलेले पैसे पुढे बँक बुडाल्याने गमावलेला. शॉकवरच्या पुढच्या कितीतरी प्रयोगांत प्रत्यक्ष हात त्याचे होते. नाव मात्र अनेक वर्षं फक्त ब्लालॉक यांचं झालं.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न पुन्हा माणसाच्या अंगावर अभ्यासला गेला. लंडनवर बॉम्ब पडत असताना रोनाल्ड ग्रँट आणि बेसिल रीव्ह यांनी जखमींना तपासायला सुरुवात केली, नंतर इटलीच्या आघाडीवर ते काम चालू ठेवलं. त्यांची एक युक्ती मला अतिशय आवडते. जखम मोजायला त्यांनी हात हेच माप धरलं. उघडी जखम तळहाताने किती झाकली जाते, सुजलेला भाग किती मुठींचा आहे ते पाहायचं, आणि एका हातामागे सुमारे दहा टक्के रक्त गेलं असं धरायचं. कुठलंही यंत्र नको. याचं कारण त्यांनीच नोंदवलेलं होतं: दाब आणि नाडी यांच्यावरून किती रक्त गेलं याचा भरवसा देता येत नाही. भरपूर रक्त गेलेले काही जखमी चांगला दाब घेऊन येत, काहींचा तर वाढलेला असे. म्हणून त्यांनी माणसाच्या आकड्याकडे न पाहता आधी जखमेकडे पाहायला शिकवलं.

इटलीतच अमेरिकन सैन्याने 1944 च्या सप्टेंबरात गंभीर जखमींच्या अभ्यासासाठी एक मंडळ नेमलं. भूलतज्ज्ञ हेन्री बीचर त्यातले एक. इटलीच्या याच आघाडीवर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढत होत्या. मंडळ नेमण्याआधी दोन महिने, 10 जुलैला टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डोंगरातून खाली आणल्या जाणाऱ्या जखमींचे प्रश्न दोस्तांच्या सगळ्या फौजांना सारखेच होते.

मंडळाने जखमींच्या रक्ताची प्रत्यक्ष मापं काढली. मध्यम शॉकमध्ये सुमारे एक तृतीयांश रक्त गेलेलं असे, तीव्र शॉकमध्ये निम्म्याच्या जवळपास. नुसत्या प्लाझ्मावर भागत नाही, रक्तच हवं, हा आग्रह एडवर्ड चर्चिल या सर्जननी 1943 पासून धरला होता. त्याला या आकड्यांनी बळ आलं. पण यातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद वेगळी होती. काही जवानांना रक्त मिळालं, दाब सावरला, शस्त्रक्रिया पार पडली, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून ते गेले. त्यांचा शॉक संपला असं सगळ्यांनी मानलं होतं. मूत्रपिंडांच्या लेखी तो संपला नव्हता, किंवा फार उशिरा संपला होता. कोरियात हाच मृत्यू इतका दिसला की अमेरिकनांनी आघाडीजवळ कृत्रिम मूत्रपिंडाचं केंद्र उघडलं.

यावरचा उपाय म्हणून साठच्या दशकात डलासच्या पार्कलँड रुग्णालयातून टॉम शायर्स यांनी नवा विचार मांडला. शॉकमध्ये रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही आटतं, तेव्हा रक्तासोबत रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं द्रावण द्या. विचार बरोबर होता, पण तो हातोहात वाढत गेला. 1967 मध्ये खुद्द शायर्स आणि त्यांच्याशी मतभेद असलेले फ्रान्सिस मूर या दोघांना एकत्र येऊन संयम बाळगा असं संपादकीय लिहावं लागलं. व्हिएतनाममध्ये लिटरवारी सलाईन चढवलेल्या जवानांची मूत्रपिंडं वाचू लागली, आणि फुप्फुसं पाण्याने भरू लागली. त्या आजाराला लष्करी तळाच्या नावावरून डा नांग फुप्फुस म्हणत. कमी दिलं तर मूत्रपिंड, जास्त दिलं तर फुप्फुस. मग पुरेसं म्हणजे किती? रक्तदाब याचं उत्तर देऊच शकत नव्हता, कारण दोन्ही प्रकारच्या रुग्णांत तो ठीकच असे.

उत्तर पुन्हा आम्लाकडे घेऊन गेलं. रक्तातलं लॅक्टिक आम्ल, म्हणजेच लॅक्टेट, तसं जुनं माहितीचं. बव्हेरियातले योहान शेरर यांनी ते 1843 मध्येच बाळंतरोगाने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात शोधलं होतं. 1964 मध्ये मॅक्स हॅरी वाइल आणि त्यांचे सहकारी ब्रोडर यांनी दाखवलं की शॉकमधल्या माणसाचं लॅक्टेट जितकं चढलेलं, तितकी वाचण्याची आशा कमी. 1988 मध्ये सॅन डिएगोच्या जेम्स डेव्हिस आणि मंडळींनी जखमींच्या बेस डेफिसिटचा, म्हणजे अल्कलीच्या तुटीचा, अभ्यास मांडला. ती कॅनन यांच्या अल्कलीच्या साठ्याचीच उलटी बाजू. तूट सहाच्या पुढे गेली तर शॉक मध्यम, पंधरापर्यंत पोचली तर तीव्र. आणि द्रव देऊनही तूट वाढत राहिली, तर अशा निम्म्याहून अधिक जणांत कुठेतरी रक्तस्राव चालूच असे.

इथे प्रश्नाचं रूप बदललं. आल्या आल्या जखमी किती वाईट आहे, हे विचारणं एक. आपण जे दिलं ते पुरलं का, हे विचारणं दुसरं. 1993 मध्ये ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयातल्या सर्जनांनी हा दुसरा प्रश्न सरळ विचारला. 76 गंभीर जखमींचं लॅक्टेट ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. ज्यांचं चोवीस तासांत पूर्ववत झालं ते सगळे वाचले. अठ्ठेचाळीस तासांनंतरही ज्यांचं उतरलं नाही, त्यांतले फारच थोडे वाचले. पहिला आकडा किती होता, यापेक्षा तो किती वेळात खाली आला याने जास्त सांगितलं.

याच रुग्णालयात थॉमस स्कॅलिया यांनी त्याआधी वाहनाखाली सापडलेल्या म्हाताऱ्या पादचाऱ्यांचा आणि इतर वृद्ध जखमींचा पाठपुरावा केला होता. ही मंडळी आली तेव्हा दाबाने, नाडीने स्थिर वाटत. हृदयापर्यंत नळी घालून मोजल्यावर अनेकांचं हृदय गरजेइतकं रक्त ढकलत नाही असं दिसे. एक्स-रे आणि तपासण्यांच्या रांगेत वेळ घालवण्याऐवजी त्यांना लवकर अतिदक्षता विभागात नेऊन मोजायला आणि सावरायला सुरुवात केल्यावर वाचणाऱ्यांचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 53 टक्क्यांवर गेलं. तुलना आधीच्या वर्षांतल्या रुग्णांशी होती, म्हणून तिला मर्यादा आहेत. तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे.

1999 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ब्लो, क्लॅरिज, यंग आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याला नेमकं रूप दिलं. दाब ठीक, नाडी ठीक, लघवी ठीक, पण लॅक्टेट 2.4 च्या वर: असे रुग्ण त्यांनी वेगळे काढले. ट्रॉमामध्ये पहिल्या तासाला सोन्याचा तास म्हणायची पद्धत बाल्टिमोरच्या कॉवली यांनी पाडली होती. या मंडळींनी त्याला पहिल्या चोवीस तासांचा चांदीचा दिवस जोडला. त्या दिवसात लॅक्टेट उतरवलेल्यांत मृत्यू कमी झाले, अवयव कमी निकामी झाले. ज्यांचं चढतं राहिलं त्यांना पुढे जंतुसंसर्ग जास्त झाल्याचंही याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं. आकुंचित धमन्यांमागे उपाशी राहिलेल्या आतड्यांची आणि मूत्रपिंडांची किंमत अशी दहाव्या, बाराव्या दिवशी चुकती होत होती, आणि तेव्हा कुणाला पहिल्या रात्रीची आठवण राहिलेली नसे.

कॅनन यांच्यापासून इथपर्यंत ऐंशीहून जास्त वर्षं का लागली? माझं उत्तर असं, की दाब मोजणं सोपं होतं. पट्टा आणि रबरी फुगा प्रत्येक वॉर्डात पोचला. पारा आणि काच प्रयोगशाळेतच राहिली. जे मोजता येत होतं त्यालाच ध्येय केलं गेलं: दाब 120 झाला, चला पुढे. नव्वदच्या दशकात खाटेशेजारी काही मिनिटांत लॅक्टेट सांगणारी यंत्रं आली, तेव्हा मन बदलायला सोपं गेलं.

पण नव्या आकड्यालाही तोच धोका आहे, हे लवकरच दिसलं. विल्यम शूमेकर या सर्जनचा आग्रह होता की पेशींना प्राणवायूचा पुरवठा सामान्यापेक्षाही वर न्यावा. ह्यूस्टनमध्ये तशा पद्धतीने उपचार झालेल्यांची बालॉग यांच्या गटाने 2003 मध्ये तपासणी केली, तेव्हा वरचं लक्ष्य गाठण्यासाठी जास्त द्रव चढवावे लागले होते आणि त्यातून पोटात दाब वाढून आतड्यांचा रक्तपुरवठा घटण्याचे प्रकार जास्त झाले होते. मृत्यूही. लॅक्टेट दारूने, फिटने, यकृताच्या आजाराने, ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनानेही चढतं. प्रत्येक चढलेल्या आकड्याला बाटलीभर सलाईन हे उत्तर असूच शकत नाही. रक्त वाहत असेल तर ते थांबवणं, रक्त गेलं असेल तर रक्त देणं, हृदय थकलं असेल तर हृदयाकडे पाहणं, आणि दोन-चार तासांनी तोच आकडा पुन्हा घेऊन तो खाली येतोय का ते तपासणं, असा आजच्या अनुभवी ट्रॉमा डॉक्टरचा रिवाज आहे. सोबत त्वचा गार आहे का, लघवी होते का, गुडघ्यांवर डाग दिसतात का, हे बोटांनी आणि डोळ्यांनी पाहणं. पहिल्या युद्धातल्या नोंदींमध्ये यातलं बरंच सापडतं.

दाबाच्या आकड्याला मात्र त्याची नवी जागा मिळाली. वरचा दाब 90 च्या खाली म्हणजे शॉक, असं पिढ्यान् पिढ्या घोकलं गेलं होतं. 2007 मध्ये ईस्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय ट्रॉमा नोंदणीतल्या 81 हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी तपासल्या. मृत्यूचं प्रमाण 90 पाशी नव्हे, 110 पासूनच चढायला लागत होतं, आणि त्याच टप्प्यावर बेस डेफिसिटही वाढू लागत होती. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या ॲम्ब्युलन्स सेवांच्या मार्गदर्शिकेत वयाची 65 ओलांडलेल्या जखमीचा दाब 110 च्या खाली असेल तर तो शॉकमध्ये असू शकतो, असं स्पष्ट लिहिलं गेलं.